तिसऱ्या खांबाचा हिरवा दिवा

रकाना १ : घटना (थोडक्यात लिहावी)

मुफ्लिह सापडला तेव्हा त्याच्या तोंडात मूठभर चिखल होता. तिथून दीडशे पावलांवर, उंचवट्यावर, पुराचा भोंगा लावलेला खांब कोरडाठाक उभा होता. भोंगा वाजला नव्हता. पहिल्या खांबाचा वाजला, दुसऱ्याचा वाजला, चौथ्याचा वाजला. तिसरा गप्प.

सोमवारी दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी नुहैलच्या दरीत पाणी आलं. मी राजधानीहून गुरुवारी सकाळी पोचलो. रस्ताभर फुगलेल्या शेळ्या पडल्या होत्या, पाय वर करून. माश्या आधी त्यांच्यावर बसत आणि मग माझ्या ओठांवर. मी गाडीची काच वर केली, तर आतल्या वासाने उमासा आला. खाली केली, तर बाहेरच्या वासाने.

इशारा केंद्राचा प्रमुख अबू राकान दारातच उभा होता. त्याच्या एका हातात कुनाफ्याची बशी होती, दुसऱ्या हातात एक कागद.

"अबू सनद! या भावा, या. आधी तोंड गोड करा. काम काय, झालंच आहे."

मेलेल्या माणसाच्या चौथ्या दिवशी हा मला कुनाफा भरवत होता. मी बशी बाजूला सारली आणि कागद घेतला. त्यावर पाक सांडला होता. पाकाखाली एकच ओळ होती :

*खांब ३. सोमवार, १४:०६. वापरणारा : तहरीर. हुकूम : गट सोडा, स्रोत २७. उत्तर : झाले.*

"बघा," अबू राकान म्हणाला. "पाण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोरीने भोंग्याचे कान बंद केले. आपल्या हाताने. मुद्दाम."

"मुद्दाम कशावरून?"

"ही ओळ आपोआप पडत नाही. हुकूम द्यावा लागतो. आणि तिच्या घरच्यांचं मुफ्लिहच्या घराशी विहिरीवरून जुनंच आहे. आता एवढं मी सांगायला नको." त्याने ओल्या कागदी रुमालाने एकेक बोट पुसलं, नखं पुसली, मग रुमालाची गोळी करून मेजावरच्या दुसऱ्या गोळ्यांत टाकली. मेजावर तशा नऊ गोळ्या होत्या. नऊही पिवळ्या.

रकाना २ : कोणाचे किती नुकसान

या रकान्यात शेळ्या लिहितात. मी माणसं लिहितो.

'मुद्दाम' या शब्दावर अकरा माणसं लटकली होती. यंत्र बिघडून मुफ्लिह गेला असेल, तर तो अपघात. दोन्ही घरची माणसं तंबूत बसतील, मेलेल्याचे लोक माफी देतील, कॉफी फिरेल. पण कुणी मुद्दाम मारलं असेल, तर ते रक्त. मग मारणाऱ्याच्या घरच्यांनी दरी सोडायची. याला इथे जल्वा म्हणतात. कायद्याने त्याला कात्री लावली आहे. कायदा इथे उशिरा पोचतो, पुरासारखा अचानक येत नाही.

तहरीर एकतीस वर्षांची, केंद्रात पडद्यासमोर बसणारी. तिच्या घरात अकरा जण. मुफ्लिहचा चुलता शेख नायिल याने निरोप धाडला होता : आज असरच्या नमाजानंतर, चारच्या सुमारास, तंबूत सरकारी माणूस काय सांगतो ते ऐकू. तो 'मुद्दाम' म्हणाला, तर सूर्य बुडायच्या आत अकरा जण दरीबाहेर.

सरकारी माणूस म्हणजे मी. तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते.

रकाना ३ : यंत्रणेचे वर्णन

दरीच्या माथ्यावर एक पाणीमापक आहे. तो दर सेकंदाला पाण्याची उंची सांगतो. हा आकडा तो चार खांबांना चार वेळा पाठवत नाही. एका गटाच्या नावाने एकदाच सोडतो, आणि ज्याने मागितला त्या प्रत्येकापर्यंत जाळं तो पोचवतं. आकडा ठरल्या खुणेवर गेला की खांब आपोआप भोंगा वाजवतो.

आधी खांबांची मागणी एवढीच असे : या गटाचं सगळं द्या. कोण बोलतंय, ते विचारायचं नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दरीतला मापक चुकून आमच्या गटात बोलला. त्यांचा पूर आमच्या भोंग्यांतून वाजला, तोही भर लग्नात. साडेतीनशे पाहुणे मन्सफची ताटं डोक्यावर घेऊन डोंगर चढले. नवऱ्या मुलाचा एक बूट अजून सापडलेला नाही.

त्यानंतर खांबांमधला प्रोग्रॅम बदलला. आता प्रत्येक खांब म्हणतो : हाच गट, आणि तोही फक्त या स्रोताकडून. स्रोताचा क्रमांक खांबातल्या मशीनला दिलेला. दुसरा कुणी त्या गटात कितीही कोकलला तरी खांबाला ऐकू जात नाही. सोबत नियमही झाला : नवा स्रोत धरायचा तर खांबाशी जाऊन, पेटी उघडून, हाताने धरायचा आणि भोंगा वाजवून दाखवायचा. धरलेला स्रोत सोडायचा हुकूम मात्र केंद्रातूनही देता येतो, दुरुस्तीसाठी.

तो प्रोग्रॅम कुणी लिहिला, हे अबू राकानने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रकाना ४ : संशयित

चौकशीच्या या अर्जात नावांसाठी तीनच ओळी आहेत. मला तीनच लागल्या. तहरीर. अबू राकान. आणि जिर्यिस, जो खांब आणि मापक दुरुस्त करतो.

रकाना ५ : जबाब, पहिला

तहरीरच्या अंगणात पिकअप उभी होती. फ्रीज चढला होता, गाद्या चढल्या होत्या. तिची आई काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि एकेक पेला गुंडाळण्याआधी पुसत होती, जणू पाहुणे यायचे आहेत. बाप अबू गैथ भिंतीशी टेकून बसला होता. त्याने मला सलाम केला नाही.

तहरीर उंबऱ्यावर होती. "काका, चहा विचारत नाही. पेले बांधले."

"सोमवारी दोन वाजून सहा मिनिटांनी तू कुठे होतीस?"

"खुर्चीत. कुब्बे खात होते. तीन आणले होते, दोन खाल्ले, एक सोडला. त्या दिवशी मी सोडलं ते एवढंच."

"तुझ्या नावावर हुकूम आहे."

"माझ्या नावावर तर चहाचे अठ्ठावीस पेलेही आहेत त्या केंद्रात. सगळे मीच प्यायले का?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "पडद्यावर चार हिरवे दिवे होते. पाणी चढलं. पहिला लाल झाला, दुसरा लाल, चौथा लाल. तिसरा हिरवाच. मी अबू राकानना हाक मारली. म्हणाले, 'हिरवा आहे ना? म्हणजे जिवंत आहे. वाजत असेल.' मी मुफ्लिहला फोन लावला, तीनदा. तो खाली टाकं साफ करत होता. तिथे फोन लागत नाही, सगळ्यांना माहीत आहे, मलाही. तरी तीनदा लावला."

"माथ्यावर जुना मापक काढून नवा बसवला, त्याला किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. जुना स्रोत एकोणीस होता, नवा सत्तावीस. चारही खांबांना नवा दिला."

"चारही भोंगे वाजलेले तू ऐकलेस?"

तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "तीन ऐकले. कागदावर चार आहेत. वारा होता."

"तिसऱ्याला कोण गेलं होतं?"

"अबू राकान. 'तो माझ्याकडे राहू द्या,' म्हणाले."

निघताना तिचा बाप पहिल्यांदा बोलला. माझ्याशी नाही, पिकअपच्या चाकाशी. "सरकारी माणूस दुःखाला येतो आणि सही घेऊन जातो."

मला त्याचा राग आला नाही. माझ्या खिशातल्या पेनाची किळस आली.

रकाना ५ : जबाब, दुसरा

जिर्यिस दुसऱ्या खांबाजवळ दोरीने शेळ्या ओढत होता. वयाने पन्नाशीचा, गळ्यात छोटा क्रूस, नाकात कांद्याच्या फोडी.

"मुअल्लिम, तुम्हालाही कापून देऊ? राजधानीच्या नाकाला हा वास झेपायचा नाही."

"बुधवारपर्यंत कुठे होतास?"

"माथ्यावर. मापकाशी. सोमवारी सकाळी गेलो आणि पाण्याने रस्ताच गिळला. टॉवर पडला, फोन दगड झाला. तीन दिवस सार्डिन खाल्ले. बुधवारी संध्याकाळी सैन्याने दोरीने उतरवलं; विचारा त्यांना, त्यांनी माझा वास घेतलाय."

"म्हणजे केंद्रातल्या नोंदीला तुझा हात लागू शकत नव्हता."

"माझा हात माझ्या फोनलाही लागत नव्हता." त्याने दोरी सोडली. "मुअल्लिम, पोरीने काही केलेलं नाही. ती माझ्या चुका पकडते, स्वतः करत नाही."

"तिसऱ्या खांबाला तू का गेला नाहीस?"

तो हसला. कांद्याची फोड खाली पडली. "एक, दोन, चार मी केले. तीनला अबू राकान म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, बरं झालं, याला एकदा ती कॉफी पिऊ दे."

"कसली कॉफी?"

"पेटीची किल्ली मुफ्लिहच्या घरात खिळ्याला असते. जमीन त्याची, खांब आपला. किल्ली मागायला जाल, तर आधी कॉफी. आणि तिथे कॉफी घेऊन बसलं की मुफ्लिह मागणं मांडायचा. एकच मागणं, दोन वर्षं तेच. खांबावर लाल दिवा लावा. त्याची आई ठार बहिरी आहे. भोंगा वाजला तरी तिला काय कळणार? दिवा दिसला असता."

"मग लावला का नाही?"

"मी माझ्या घरचा लावला असता! पण सही लागते. आणि अबू राकान हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एकाला दिवा दिला की चौघं मागतील, म्हणतो. त्यापेक्षा त्या घरी जायचंच नाही."

एवढ्यात माझा फोन वाजला. अबू राकानच होता.

"अबू सनद, जिर्यिस भेटला ना? त्याला म्हणावं, तिसऱ्या खांबाचं मशीन बंद करून, स्वच्छ धुऊन केंद्रात आण. पुरावा आहे, नीट ठेवायला हवा."

मी फोन ठेवला आणि जिर्यिसला सांगितलं.

"धुऊन?" जिर्यिस म्हणाला. "पाणी तर तिथपर्यंत चढलंच नाही. कोरड्या डब्याला आंघोळ कशाला?"

आणि बंद कशाला, असं मी मनात म्हटलं. सोमवारी ते मशीन चालू होतं. बॅटरीवर अजूनही चालू असेल. कागदावरची ओळ कुणीही लिहू शकतो, पण चालू मशीन कुणाला धरून आहे, हे फक्त त्याच्या स्मृतीत असतं. वीज गेली की ती स्मृती गेली.

"पळ," मी म्हणालो.

रकाना ५ : जबाब, तिसरा (साक्षीदारास बोलता येत नसल्यास तसे नमूद करावे)

बोलता येतं. ऐकता येत नाही. मुफ्लिहची आई ओठ वाचते. डोळे तुमच्या तोंडावरून क्षणभरही हलवत नाही.

मुलाला पुरून दोन दिवस झाले होते आणि चुलीवर कॉफी होती. किल्ली समोर खिळ्याला दिसत होती. जिर्यिसने हात पुढे केला, तर म्हातारीने त्याच्या मनगटावर चापट मारली. आधी बसा.

तिने फिंजानाच्या, त्या चिमुकल्या पेल्याच्या, तळाशी ओतली, घोटभरच. इथे मान तेवढ्यातच असतो. पाहुण्याला घोटभर, पुन्हा घोटभर, तो पेला हलवून पुरे म्हणेपर्यंत. काठोकाठ भरलेला फिंजान कुणी कुणाला देत नाही. तो दिला तर अर्थ एकच : पी आणि चालता हो.

मी प्यालो. तिने पुन्हा ओतली. मी फिंजान तिच्यासमोर हलवला. ती थांबली.

"आई," मी सावकाश म्हणालो, "ही किल्ली शेवटची कुणी नेली?"

"यानेच." तिने जिर्यिसकडे बोट केलं. तिचा आवाज बहिऱ्यांचा असतो तसा, सपाट आणि मोठा. "अंजीर पिकले होते तेव्हा."

म्हणजे उन्हाळ्यात. आता ऑक्टोबर सरत आला होता.

"त्यानंतर? केंद्राचा साहेब? अबू राकान?"

"तो?" ती बाजूला थुंकली. "मुफ्लिह त्याच्यासाठी तीन दिवस कॉफी उकळत होता. येतो म्हणाला होता."

खांबाशी गेलो. कुलपाच्या भोकात कोळ्याने घर केलं होतं. जाळ्यावर धूळ बसली होती आणि जाळं तुटलेलं नव्हतं. जिर्यिसने ते किल्लीने खरवडलं. पेटी उघडली.

आत हिरवा दिवा जळत होता. शांत, गुळगुळीत, तब्येतीत. माणूस मेला होता त्या क्षणीही तो असाच जळत असणार. मला त्याच्याकडे बघवेना.

मी माझा लॅपटॉप जोडला आणि मशीनला एकच विचारलं : तू या क्षणी कुठल्या गटात आहेस, आणि कुणाकडून ऐकतोस?

उत्तर आलं. गट तोच. स्रोत एकच : १९.

जिर्यिसने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. "एकोणीस तर माझ्या घरी कोठारात पडलाय," तो म्हणाला. "तारा कापून."

रकाना ६ : पडताळणी

पेटी बंद करण्याआधी मी जिर्यिसला म्हणालो, "कागदावर आहे तोच हुकूम दे. गट सोडा, स्रोत २७."

त्याने दिला.

*उत्तर : नाकारले. हा स्रोत धरलेलाच नाही.*

"पुन्हा दे."

*नाकारले.*

आम्ही मशीन बंद केलं नाही. धुतलंही नाही. पेटीला कुलूप लावून किल्ली म्हातारीच्या हातात ठेवली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

रकाना ६ (अपुरा पडल्यास मागील बाजूस लिहावे)

तंबूत पन्नासेक पुरुष होते. शेख नायिल मधोमध, डोळे लाल. त्याच्या डाव्या हाताला अबू राकान, समोर खजुराची बशी, बशीत बिया. समोरच्या टोकाला अबू गैथ एकटा, आणि त्याच्या पुढ्यात न प्यायलेला फिंजान. ज्याचं काही मागणं असतं तो इथे कॉफी घेत नाही, मागणं मान्य होईपर्यंत. बाहेर पिकअप सुरूच होती. तहरीर दारातल्या कनातीशी उभी होती.

"बोल," शेख नायिल म्हणाला. "पोरीने केलं?"

"नाही."

अबू राकान हसला. "अबू सनद, कागद आहे. मशीनची नोंद आहे."

"मशीनची नाही. केंद्राच्या नोंदवहीची आहे. शेख, मी कॉफीत सांगू?"

"सांग."

"समजा तुमच्याकडे एकोणीस आणि सत्तावीस असे दोन कॉफी वाढणारे आहेत. मी एकोणीसकडून घेतो. पुरे झालं तर पेला कुणासमोर हलवीन?"

"एकोणीससमोर."

"आणि सत्तावीससमोर हलवला तर?"

"तो म्हणेल, तुला वेड लागलंय. मी तुला वाढलीच कधी?"

"तेच. तिसऱ्या खांबाने सत्तावीसकडून एक घोटही घेतलेला नाही. नवा स्रोत धरायला पेटी उघडावी लागते, आणि ती उन्हाळ्यापासून उघडलेलीच नव्हती. तो आजही एकोणीसलाच धरून बसला आहे आणि एकोणीस कोठारात मेलेला आहे. ज्याला धरलंच नाही त्याला सोडण्याचा हुकूम दिला, तर मशीन म्हणतं, नाकारले. आम्ही दोनदा देऊन बघितला. या कागदावर मात्र लिहिलंय, 'झाले'. ही ओळ मशीनने लिहिलेली नाही. माणसाने लिहिली."

तंबूत कुणीतरी घसा खाकरला. अबू राकानने रुमाल काढला.

"जिर्यिसनेच..."

"जिर्यिस बुधवारपर्यंत माथ्यावर अडकला होता, फोनशिवाय. सैन्याने उतरवला. नोंदवही केंद्रात, आणि केंद्रात दोघंच. तहरीर, नाही तर तू. ती स्वतःच्या घरावर स्वतःच जल्वा ओढवून घेईल?"

"पण मला काय गरज?"

"तीन आठवड्यांपूर्वी तू सही केलीस की तिसऱ्या खांबाला नवा स्रोत दिला. तू गेलाच नाहीस. किल्ली उन्हाळ्यापासून हलली नाही, कुलपात कोळ्याचं जाळं आहे. खांब तीन आठवडे मेलेल्या मापकाकडे कान लावून बसला. माणूस गेल्यावर तुला कुणीतरी हवं होतं. ओळ लिहायला बसलास तेव्हा तू कात्रीत सापडलास. एकोणीस लिहिलं असतं, तर खांब जुन्यालाच धरून होता हे उघड झालं असतं. म्हणून सत्तावीस लिहिलंस. खोटं लपवायला जो आकडा हवा होता, तोच अशक्य होता. आणि म्हणूनच मशीन धुवायचं होतं."

अबू राकानने बोटं पुसली. एक, दोन, तीन. मग आवाजात कुनाफ्यासारखा गोडवा आणून म्हणाला, "मी जाणारच होतो, शेख. त्याच आठवड्यात. तारीख तर सगळेच आधी टाकतात."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. खोटेपणाची मला तितकी शिसारी येत नाही. तारीख तर सगळेच आधी टाकतात, हे तो खरं बोलला, आणि तंबूतल्या तीनचार सरकारी माना आपोआप खाली गेल्या, याची येते.

"माझा पुतण्या," शेख नायिल म्हणाला, "तुझ्याकडे काय मागत होता?"

अबू राकानने खजुराची एक बी बशीच्या काठाशी सरकवली.

"दिवा," कनातीजवळून तहरीर म्हणाली. "एक लाल दिवा, शेख. आईला दिसावा म्हणून. त्या घरी गेलं की ते ऐकावं लागलं असतं."

शेखने डोळे मिटले. "बाहेर पोलीस आहेत. याला ते नेतील. याच्या घरच्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांनी सही केली नव्हती." मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "एक राहिलं. तीन आठवडे खांबाला काही ऐकू येत नव्हतं. मग दिवा हिरवा कसा? पोरीने हिरवा बघितला, हाही हिरवा बघून गप्प बसला. खोटं बोलणारा तो दिवा कुणी बसवला?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. अर्जात हा प्रश्न नाही.

अबू राकानच्या पुढ्यातून ओल्या रुमालांचा वास येत होता.

"मी," मी म्हणालो.

"तू?"

"प्रोग्रॅम माझा आहे. गट मागणं म्हणजे फक्त मागणं असतं, शेख. मेलेल्या स्रोताकडून मागितलं तरी जाळं हो म्हणतं. समोर कुणी बोलतंय की नाही, हे ते सांगत नाही. ते आपण वेगळं बघायचं असतं. किती सेकंदांत आकडा आला नाही तर दिवा विझवायचा, एवढं लिहायला अर्धा दिवस लागला असता. मी मागणं मंजूर झालं की हिरवा, असं लिहिलं. लग्नाच्या गोंधळानंतर सगळ्यांना घाई होती. मलाही. आणि मीही कागदावर लिहिलं : तपासले."

तेव्हा तंबूत मुफ्लिहची आई आली.

बायका त्या तंबूत येत नाहीत. ती आली, हातात पितळी दल्ला, कॉफीची किटली, घेऊन, आणि कुणी अडवलं नाही. ती बराच वेळ कनातीच्या फटीशी उभी असणार. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते. ती आधी अबू गैथकडे गेली. त्याचा थंड फिंजान उचलून वाळूत उपडा केला, नवा भरला, तळाशी घोटभर, आणि त्याच्या हातात दिला. तो प्यायला. बाहेर कुणीतरी पिकअप बंद केली, आणि मग फ्रीज घासत खाली उतरवण्याचा आवाज आला.

अबू राकानसमोरून ती तशीच पुढे गेली. भिंतीसमोरून जावं तशी.

मग माझ्यापुढे थांबली. माझ्या हातात फिंजान दिला आणि ओतू लागली. घोटभर झालं, ती थांबली नाही. अर्धा झाला. काठ आला. कॉफी माझ्या बोटांवरून मनगटावर उतरली, बाहीत गेली. तिने दल्ला सरळ केला आणि उभी राहिली.

मी प्यालो. शेवटच्या थेंबापर्यंत, भाजत.

रकाना ७ : तपासणाऱ्याचे मत (येथे काही लिहू नये)

फिंजान हलवायचा असतो तो पुरे म्हणायला. काठोकाठ भरलेला हलवावा लागत नाही. मी तो वाळूवर ठेवला, आणि उठलो.